पिल्लू निघालं, पण खाऊन नाही राहिलं, काय करावं?

"दहा-बारा अंडी बसवली होती, बहुतेक फुटली, बाकीची पिल्लं मस्त फिरून राहिली, पण एक नुसतं पडून आहे, चोच उघडत नाही, खात नाही, पीत नाही, काय देऊ?" हा प्रश्न दर हंगामात कोणी ना कोणी विचारतेच. आणि सल्लेही तेच ते मिळतात, कोणी म्हणते दूध पाज, कोणी म्हणते कॅप्सूल फोडून पाण्यात दे, कोणी म्हणते चोच उघडून पेज टाक. बिचारं पिल्लू त्या इलाजानंच संध्याकाळपर्यंत जाते, आणि आपण म्हणतो कमजोरच होतं, जाणारच होतं.

माझं म्हणणं असं आहे की दोन-तीन दिवसांचं पिल्लू खात नाही यात बहुतेक वेळा भुकेचा किंवा रोगाचा प्रश्नच नसतो, ते गार पडलेलं असते नाहीतर सुकलेलं असते. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, तुम्ही कितीही चांगलं खाऊ घाला ते गळ्याखालच्या पिशवीत तसंच पडून राहते, आंबते, आणि पिल्लू अजून खचते. म्हणून पहिले ऊब, मग पाणी, मग दाणा. हा क्रम उलटा केला की पिल्लू हातचं जाते. सगळे लोक दाण्यापासून सुरुवात करतात तिथंच गडबड होते.

पण त्याच्याही आधी हे पाहा की पिल्लू निघून किती वेळ झाला. अंड्यातला जो पिवळा बलक असतो तो निघायच्या आधी पिल्लाच्या पोटात ओढला जातो, आणि त्याच्यावर ते दोन दिवस, कधी कधी तीन दिवसही काही न खाता राहू शकते. हॅचरीची एक दिवसाची पिल्लं खोक्यात बसून लांब लांबच्या गावाला जातात ती त्याच बलकाच्या जोरावर. आपली खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेली, कोंबडीसुद्धा पहिलं पिल्लू निघाल्याबरोबर काही उठत नाही, बाकीची निघेपर्यंत बसूनच राहते आणि पहिली निघालेली पिल्लं तिच्या पोटाखाली झोपा काढतात. तेव्हा सकाळी निघालेलं पिल्लू संध्याकाळी खात नाही म्हणून त्याला ओढून बाहेर काढू नका, ओलं असेल तर अजिबात नाही, तिच्याखालीच वाळू द्या. एक दिवस उलटला, बाकीची टोचायला लागली, आणि हे एकटं डोळे मिटून मान टाकून पडलंय, तेव्हा हातात घ्या.

हातात घेतलं की पहिले गार आहे का ते पाहायचं. माझी माय पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहते. शेतातल्या कामानं आपले हात राठ झालेले राहतात, त्यांना थोडासा गारवा कळत नाही, गालाला लगेच कळतो. पिल्लाच्या अंगाचं तापमान साधारण ३९ ते ४० अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे चांगल्या पिल्लाचे पाय गालाला कोमट लागले पाहिजेत. गार लागले तर बाकी सगळं सोडा आणि ऊब द्या. आवाजावरूनही समजते. थंडी वाजणारं पिल्लू पहिले जोरजोरात, एकसारखं, कर्कश ओरडते, आणि अजून गार झालं की आवाजच बंद होतो. घरच्यांना वाटते चला शांत झालं, झोपलं. ते झोपलेलं नसते, तीच खरी धावपळ करायची वेळ असते.

ऊब किती पाहिजे तर पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश, आणि मग दर आठवड्याला अंदाजे तीन अंश कमी करत जायचं. कमजोर पिल्लासाठी ३५ च्या जवळ ठेवा. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला जुनं सुती कापड नाहीतर पोत्याचा तुकडा टाका, एका कोपऱ्यावर ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब साधारण फूटभर उंचीवर टांगा, दुसरा कोपरा मोकळा ठेवा म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. जे पिल्लू सरकूच शकत नाही त्याच्याकडे तुम्हालाच दर पंधरा-वीस मिनिटांनी पाहावं लागेल. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, एलईडी बल्बनं ऊब मिळत नाही. उजेड पडते, पिल्लाचं अंग तापत नाही. आजकाल दुकानात पिवळा बल्ब लवकर मिळत नाही म्हणून लोक एलईडी लावून देतात आणि मग म्हणतात रात्रभर बल्ब चालू होता तरी पिल्लं गारठून मेली. मेली ती म्हणूनच मेली.

लाईटचं तर आपल्याकडे काही खरं नाही. गेली की गेली, आणि नेमकी रात्री जाते. तेव्हा जाड बाटलीत कडक गरम पाणी भरून, झाकण पक्कं लावून, वर दोन पदर कापड गुंडाळून पिल्लाच्या बाजूला ठेवा, दीड-दोन तासांनी पाणी बदला. पिल्लू बाटलीवर ठेवायचं नाही, टेकून ठेवायचं. काही जण मडक्यात निखारे ठेवतात, जुनी पद्धत आहे, पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत निखारे ठेवू नका, त्याच्या वायूनं पिल्लंही गुदमरतात आणि माणसंही. थोडा वेळ सांभाळायचं असेल तर अंगावरच्या कपड्याच्या आत, छातीशी धरून बसणं हा पण चांगला उपाय आहे, घरातली लहान पोरं हे काम आनंदानं करतात, फक्त नंतर हात साबणानं धुवायला लावा आणि पिल्लाचा मुका घेऊ देऊ नका, कोंबडीच्या शीतून पोटाचे आजार माणसाला लागतात.

आता हे सगळं हिवाळ्याचं आणि पावसाळ्याचं झालं. एप्रिल-मे मधे निघालेल्या पिल्लाचं गणित वेगळं आहे. अकोला म्हणा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी म्हणा, पारा ४५ च्या वर जाते, आणि टिनाखाली त्याहून जास्त. तिथं दुपारी बल्ब लावला तर पिल्लू भाजून निघते. उन्हाळ्यात पिल्लू खात नसेल आणि चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरले असतील, तर त्याला ऊब नको, सावली आणि पाणी पाहिजे. घरात आत, मातीच्या जमिनीवर, खिडकीला ओलं पोतं टांगून, तिथं ठेवा. कूलरच्या समोर थेट हवेत ठेवू नका, ओल्या गार झोतानं ते पुन्हा दुसऱ्या टोकाला जाते. आणि पहाटे हवा थोडी गार पडली की त्याच पिल्लाला परत ऊब लागते, हे बरेच जण विसरतात.

ऊब मिळाली की अर्ध्या-एक तासात बहुतेक पिल्लं डोळे उघडतात, मान उचलतात, आवाज करतात. त्यातली कितीतरी मग आपोआप पाणी पितात, टोचायला लागतात, तुम्हाला पुढं काही करावंच लागत नाही. जी तरी नुसती उभी राहतात त्यांच्यासाठी पाणी.

पाणी कोमट घ्या, एक कप पाण्यात एक छोटा चमचा गूळ विरघळवा. ओआरएसचं पाकीट असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, म्हणजे मोठं पाकीट एक लिटरमध्ये, अंदाजानं घट्ट करू नका, आणि साखर असलेलं पाणी एक दिवसाच्या वर चालू ठेवू नका, पातळ शी होते आणि आंबलेल्या भांड्यात जंतू वाढतात. नंतर साधं स्वच्छ पाणी.

पाजायची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथं घाई केली की पिल्लू हातात मरते. डाव्या हाताच्या तळव्यावर पिल्लू उभं बसवा, अंगठा आणि बोटानं मान हलकी धरा, दाबू नका. उजव्या हाताचं बोट पाण्यात बुडवून एक थेंब चोचीच्या कडेला, जिथं वरची-खालची चोच मिळते तिथं टेकवा. थेंब आपोआप आत ओढला जातो, पिल्लू चोच चाळवते, डोकं वर करून गिळते. गिळलेलं दिसलं की दुसरा थेंब. चोच फाकवून पिचकारी मारायची नाही, कारण जिभेच्या मागंच श्वासनळीचं तोंड असते आणि पाणी थेट फुफ्फुसात जाते. नाकातून बुडबुडे आले, घरघर आवाज आला तर लगेच थांबा, डोकं जरा खाली करून धरा आणि कापडानं चोच पुसा. ड्रॉपर किंवा सुई काढलेली एक एमएलची सिरिंज असेल तर अजून सोपं, पण तिनंही थेंबच द्यायचा. पाच-सहा थेंब झाले की परत खोक्यात, वीस मिनिटांनी पुन्हा. ज्याला मानच धरता येत नाही त्याला काहीच पाजू नका, अजून तापवा, मान धरेल तेव्हा पाजा.

खोक्यात पाणी ठेवताना वाटी नको, पिल्लू त्यात पडते, भिजते आणि झालेली मेहनत वाया. बाटलीचं छोटं झाकण घ्या, त्यात चार-दोन गोटे टाका, म्हणजे चोच जाईल पण अंग जाणार नाही. झाकण कुठलं घेता ते मात्र पाहून घ्या. कपाशी-सोयाबीनच्या घरी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या जिथं तिथं पडलेल्या असतात आणि त्यांची झाकणं पण नेमकी याच मापाची. कितीही धुतलं तरी ते झाकण वापरायचं नाही. तसंच पेरणीतून उरलेलं मक्याचं नाहीतर ज्वारीचं बियाणं भरडून पिल्लाला देऊ नका, त्याला रंगीत औषध चोळलेलं राहते. दोन्ही गोष्टी लिहून राहिलो कारण दोन्ही होताना पाहिल्या आहेत.

आता दाणा. पिल्लू उभं राहिलं, पाणी गिळलं, एकदा शी केली, मग दाण्याचा विचार करा. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटानं कुस्करून दोन थेंब पाण्यात ओला करा, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन चोचीसमोर धरा. नाही घेतला तर चोचीच्या टोकाला किंचित लावा, ते चाटते, चव लागली की पुढचा स्वतः टोचते. एका वेळी असे तीन-चार तुकडे बस झाले, मग दोन तासांनी. दिवसभर बलकच देत राहू नका, जड पडतो, आणि उन्हाळ्यात दोन तासात नासतो, उरलेला फेकून द्या.

खरं काम खाऊ घालायचं नाही, खायला शिकवायचं आहे. कोंबडी काय करते, जमिनीवर चोच आपटते, कुक् कुक् करते, दाणा उचलून परत खाली टाकते, आणि पिल्लं धावत येऊन तिथंच टोचतात. हलणारी बारीक वस्तू दिसली की टोचणं हे पिल्लाच्या अंगातच असते. म्हणून पांढऱ्या कापडावर चिमूटभर बारीक भरडा पसरा आणि आगपेटीची काडी घेऊन दाण्यांमधे टक टक टक करा, थांबा, परत टक टक. पिल्लू पहिले नुसतं पाहते, मान वाकडी करते, मग एकदा टोचते आणि दाणा सुटतो, परत टोचते. दहा-पंधरा मिनिटं हे करायची चिकाटी ठेवा. याच्याहून सोपा उपाय म्हणजे सोबत एक धडधाकट पण शांत पिल्लू ठेवणं. एकटं पिल्लू सोबतीविना खचतेच, जोडीदार खाताना दिसला की हेही खाते. पण जोडीदार याचे डोळे किंवा बोटं टोचून राहिला तर लगेच बदला.

काय द्यावं यावर लोक भांडतात. माझं मत विचाराल तर बारीक चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं दुकानात मिळणारं तयार खाद्य, सगळ्यात चांगलं, त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि पिल्लाला पहिले काही आठवडे तेवढी लागतातच. कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, किंवा ज्वारीचा भरडा एक-दोन दिवस चालतो, त्यावरच महिनाभर ठेवलं तर पिल्लं जगतात पण खुरटतात, पंख नीट येत नाहीत आणि पावसाळ्यातल्या पहिल्या रोगाला बळी पडतात. गावाकडे उदई, म्हणजे वाळवी, खोदून आणून देतात, ते उत्तम आहे, फुकटचं प्रथिन आहे, फक्त पहिल्या दोन दिवसांत नको आणि जिथं औषध मारलंय तिथली नको. दूध देऊ नका, कोंबडीच्या जातीला दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. कॅप्सूल फोडून तर अजिबात देऊ नका. माणसाचं अँटिबायोटिक अंदाजानं पाण्यात कालवलं की गार पडलेल्या पिल्लाला फायदा शून्य आणि उद्या खरा रोग आला की औषध लागू पडत नाही.

संध्याकाळी गळ्याखाली, छातीच्या जरा उजव्या बाजूला बोट फिरवून पाहा. खाल्लेलं असेल तर छोटी मऊ पिशवी लागते. सकाळी परत पाहा, ती रिकामी पाहिजे. रिकामी असेल तर पचन चालू आहे, निश्चिंत राहा. सकाळीही भरलेली आणि कडक असेल तर दाणा बंद, फक्त कोमट पाण्याचे थेंब आणि ऊब, आणि खोक्यात लाकडाचा भुसा किंवा दोरे तर नाहीत ना ते तपासा, नवीन पिल्लं दाणा समजून भुसाच खातात. म्हणूनच पहिले चार-पाच दिवस भुश्यावर, तुसावर कापड टाकून ठेवायचं.

एवढं करूनही टोचत नसेल तर पिल्लाला उलटं-पालटं करून पाहायचं की अडचण कुठं आहे. बहुतेक वेळा ढुंगणाला शी वाळून चिकटलेली असते आणि रस्ता बंद झालेला असतो, पोट फुगते, मग खाणार कुठून. ती ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून लावून ठेवा, मऊ झाली की पुसून घ्या, नीट कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा, आणि पिल्लू वाळेपर्यंत उबेतच ठेवा. हे करताना पोटाच्या मधोमध जी वाळलेली खपली किंवा दोरा दिसतो ती नाभी आहे, तिला हात लावायचा नाही. नाभी कोरडी असेल तर ठीक. ओली, लाल, सुजलेली, वास मारणारी असेल आणि पोट पाण्यानं भरल्यासारखं लागत असेल तर आत जंतू गेले आहेत. अशी पिल्लं वाचत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्याला बाकीच्यांपासून वेगळं करा, उबेत ठेवा, जबरदस्तीनं खाऊ घालून त्याचे हाल करू नका.

पाय दोन्हीकडे फाकलेले असतील तर पिल्लू दाण्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून उपाशी राहते. हे जास्त करून गुळगुळीत वर्तमानपत्रावर नाहीतर फरशीवर ठेवल्यानं होते. बँडेजची पट्टी घेऊन दोन्ही पाय खुब्याच्या रुंदीएवढं अंतर ठेवून एकमेकांना बांधा, घट्ट नाही, आणि खाली पोतं टाका. तीन-चार दिवसांत पाय सरळ धरते. उशीर केला तर मग सुधरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी बांधा. बोटं आत वळून मुठीसारखी झाली असतील किंवा मान मागं टाकून आभाळाकडे पाहत बसत असेल तर बी गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते, जनावरांच्या औषधाच्या दुकानात कोंबड्यांसाठीचे मल्टिव्हिटॅमिनचे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या मापानं पाण्यातून द्या.

चोच उघडून मान लांब करून श्वास घेत असेल आणि हवा तर गार आहे, तेव्हा खाली काय अंथरलंय ते उचलून नाकाला लावा. पावसाळ्यात भिजलेलं कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, किंवा तूस वरून कोरडं दिसते आणि आत बुरशी धरलेलं असते, तीच बुरशी पिल्लाच्या फुफ्फुसात जाते. कुबट वास आला तर सगळं बाहेर फेका. आणि कोंबडीच्या बसायच्या टोपल्यात पिसवा आहेत का ते रात्री बॅटरी लावून पाहा. रात्रभर रक्त पितात, सकाळी पिल्लू फिक्कट आणि मलूल, दिवसा काहीच दिसत नाही. टोपलं रिकामं करून उन्हात टाका, जुना पाला जाळा, कोरडी राख घालून नवीन पाला भरा. शेतातली पावडर पिल्लावर किंवा टोपल्यात टाकू नका.

आता ज्यांच्याकडे प्रत्येक खेपेला एक-दोन पिल्लं अशीच निघतात त्यांच्यासाठी. तिथं दोष पिल्लात नाही, अंडं बसवायच्या आधीच गडबड झालेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे ठरलेलंच. अंड्यातला गर्भ साधारण २०-२४ अंशांच्या वर हळूहळू वाढायला लागतो, आणि आपल्या घरात एप्रिलमध्ये रात्रीसुद्धा तेवढं असते. म्हणजे शिंक्यावर आठ-दहा दिवस गोळा केलेली अंडी कोंबडीखाली जायच्या आधीच अर्धवट वाढून, थांबून, परत वाढून खराब झालेली असतात. त्यातली काही फुटत नाहीत, काही फुटतात ती दुबळी. उन्हाळ्यात अंडी बसवायचीच असतील तर गार जागी, ओल्या रेतीवर ठेवलेल्या मडक्यात, कोरड्या कापडात ठेवा आणि चार-पाच दिवसांच्या वरची अंडी खाऊन टाका. हिवाळ्यातही आठवड्याच्या वरची नको. मला विचाराल तर मे महिन्यात खुडूक कोंबडी बसवूच नये, पाऊस पडून हवा बदलली की बसवावी.

दुसरं कारण म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या टोपल्यात दुसऱ्या कोंबड्या येऊन अंडी घालून जातात. ती अंडी तीन-चार दिवस मागं राहतात. २१ व्या दिवशी बाकीची पिल्लं निघतात, कोंबडी त्यांना घेऊन उठते, आणि मागची अंडी गार पडत-पडत कशीबशी फुटतात. शेवटी निघालेलं ते कमजोर पिल्लू बहुतेक असंच असते. बसवतानाच सगळ्या अंड्यांवर कोळशानं किंवा पेन्सिलीनं खूण करा, रोज बिनखुणेचं अंडं काढून घ्या. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडीच ठेवा, जास्त ठेवली की कडेची गार राहतात. आणि अंड्याला आतून पहिला टवका पडल्यानंतर पिल्लाला बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, मधेच कवच सोलून काढू नका, तेवढ्या वेळात ते रक्त आणि बलक आत ओढून घेत असते, सोलून काढलेली पिल्लं तिथंच अर्धी मार खातात.

कोंबडीला वर्षभर नुसती कनकी घालत असाल तर अंड्यातच सत्त्व नसते. शेवग्याचा पाला, हिरवा चारा, थोडी ढेप, म्हणजे पेंड, शिंपल्याचा चुरा चालू करा, दोन-तीन आठवड्यांत अंड्यात फरक पडतो. आणि एकच कोंबडा तीन-चार वर्षं त्याच्याच पोरींवर फिरत असेल तर तो बदला, दुसऱ्या गावचा आणा.

एक-दोन पिल्लं कमजोर निघणं वेगळं, आणि रोज दोन-तीन मरणं वेगळं. पांढरी चिकट हगवण लागून पहिल्या आठवड्यातच पटापट मरून राहिली असतील, किंवा मोठ्या कोंबड्याही माना टाकून राहिल्या असतील, तर घरगुती इलाज बंद करा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. नुकतंच मेलेलं एखादं पिल्लू दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फ लावून दवाखान्यात न्या, पोट उघडून पाहिल्यावर डॉक्टरांना नेमकं सांगता येते. बाकीची खड्डा करून चुना टाकून पुरा, उकिरड्यावर फेकू नका, कुत्री ओढून गावभर रोग नेतात.

पिल्लू सुधरलं, दिवसभर स्वतः खाऊन-पिऊन राहिलं की परत कोंबडीकडे न्यायचं. दिवसा नेऊ नका, ती ओळखत नाही, टोचून मारते. रात्री पूर्ण अंधारात, बॅटरी न लावता, हळूच तिच्या पंखाखाली सरकवा, आणि पहाटे उजाडायच्या आत उठून पाहा की तिनं घेतलं का. नाही घेतलं तर जोडीदारासोबत खोक्यातच वाढवा, काही बिघडत नाही. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब असते, पण हे पिल्लू अजून मलूल असेल तर त्याला त्या दिवशी देऊ नका, नीट खायला लागल्यावर चार-आठ दिवसांनी द्या. बाटली शंभर-दोनशे पिल्लांची येते आणि कालवल्यावर बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून आजूबाजूच्या चार घरांनी मिळून एकच दिवस धरला तर सगळ्यांची पिल्लं त्यात होतात.